फोन आहे ना हातात, मग अडलंय कुठे? (डेट्रॉईटच्या वाचनालयातून)

तिसरी घंटा | शनि, १४/०६/२०२५ - २१:४०

दर शनिवारी सकाळी दहा ते एक मी अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटरच्या टेबलांपाशी बसते. पगार नाही, चहासुद्धा घरून न्यायचा. घरचे याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात. राहायला मी 'आठ मैल' रस्त्याच्या पलीकडे, उपनगरात. आमच्याकडे गणपतीची वर्गणी वेळेवर जमते आणि वायफाय दहा मिनिटं गेलं की मुलं घर डोक्यावर घेतात.

आज एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कृष्णवर्णीय, पायात कामाचे जाड बूट. गोदामातल्या नोकरीचा अर्ज भरायचा होता. म्हणाले, फोनवर तीनदा भरून पाहिलाय. फोन बघितला. काच कोपऱ्यातून तडकलेली. अर्जाच्या चौकटीवर बोट ठेवलं की खालून कीबोर्ड वर येतो आणि जिथे लिहायचं तीच चौकट झाकून टाकतो. मागच्या दहा वर्षांतल्या सगळ्या नोकऱ्या, प्रत्येकीचा महिना आणि साल, वरिष्ठाचं नाव, सोडण्याचं कारण. तिथवर पोचेपर्यंत 'वेळ संपली', पुन्हा पान पहिलं.

म्हटलं, इथे मोठ्या पडद्यावर भरू. तर ईमेल उघडेना. नव्या ठिकाणाहून उघडताय, कोड पाठवलाय, म्हणे. कोड गेला जुन्या नंबरवर, आणि तो नंबर बिल थकलं म्हणून कधीच कापलेला. नोकरी गेली म्हणून नंबर गेला, नंबर गेला म्हणून ईमेल गेला, आणि ईमेलशिवाय नोकरीचा अर्ज जात नाही. शेवटी नवा ईमेल काढला. बायोडेटा त्यांनी पहिल्यापासून टाइप केला, एका बोटाने, पण स्पेलिंगची एक चूक नाही. वाचनालयात एका माणसाला एक तास मिळतो, मी दोनदा वाढवून दिला. बारा वाजून पन्नास मिनिटांनी पडद्यावर आलं, 'तुमचा अर्ज मिळाला'.

जाताना हसत म्हणाले, "तुमच्या लोकांना हे सगळं जन्मतःच येतं ना?"

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. प्यू या संशोधन संस्थेची २०२१ ची पाहणी आहे: घरी ब्रॉडबँड (वेगवान इंटरनेट) असलेले गोरे प्रौढ ८० टक्के, कृष्णवर्णीय ७१, हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतले) ६५. घरी जोडणी नाही, फक्त स्मार्टफोनवर भागवतात असे गोऱ्यांत १२ टक्के, कृष्णवर्णीयांत १७, हिस्पॅनिकांत २५. हे आकडे मी पूर्वी वाचले होते. 'फक्त फोनवर भागवणं' म्हणजे नेमकं काय, ते आज तीन तास शेजारी बसून पाहिलं.

तुमच्या भागात काय दिसतं? लिहा.

---

सोनटक्का | शनि, १४/०६/२०२५ - २२:२५

छान लिहिलंय. कोडचा किस्सा वाचून पोटात कालवलं.

मी कॅलिफोर्नियात. ऑगस्ट २०२० मधला तो फोटो आठवतो का? सलिनास गावात दोन लहान मुली टाको बेल या फास्ट-फूड दुकानाच्या बाहेर, फुटपाथवर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप. शाळा बंद, वर्ग ऑनलाइन, घरी इंटरनेट नाही, म्हणून दुकानाच्या फुकट वायफायवर शाळा. सलिनास म्हणजे अख्ख्या देशाला लेट्युस पुरवणारं गाव, शेतमजूर बहुतेक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाचे. तिथून सिलिकॉन व्हॅली गाडीने तास-सव्वा तासावर. आम्ही त्याच रस्त्याने मॉन्टेरेला मासे बघायला जातो.

एक बाळबोध प्रश्न: गरिबांसाठी स्वस्त योजना असतात ना? मग ते गृहस्थ घरी का घेत नाहीत?

---

तिसरी घंटा | शनि, १४/०६/२०२५ - २२:५८

होत्या. त्यांच्या घरी होतं की! हे मी वर लिहायला विसरले. करोनाकाळात सरकारने महिना ५० डॉलर सवलत सुरू केली, मग २०२२ पासून तिची जागा महिना ३० डॉलरच्या योजनेने घेतली. आदिवासींच्या राखीव प्रदेशात ७५. तरतूद १४.२ अब्ज डॉलरची. २ कोटी ३० लाखांहून जास्त कुटुंबं त्यात होती. पैसे संपत आले, संसदेने नवे दिले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवीन अर्ज बंद, जूनला योजनाच बंद. पन्नासचं बिल वीसवर आलं होतं, ते परत पन्नास. त्यांच्या बायकोने फोन ठेवला आणि घरची जोडणी सोडली. दोन्ही ठेवणं परवडत नव्हतं. मीही फोनच ठेवला असता.

टेलिफोनची जुनी 'लाइफलाइन' सवलत अजून आहे. महिना सव्वानऊ डॉलर. त्यात काय येतं ते पिझ्झावाल्याला विचारा.

---

बाळ्या बेकायदा | रवि, १५/०६/२०२५ - ०८:१५

माणूस भला दिसतो, तुमचं कामही चांगलं. पण यात वंश कुठून आला? पैसे नाहीत म्हणून इंटरनेट नाही. गोऱ्या गरिबालाही नाही, काळ्या गरिबालाही नाही. अमेरिकेत प्रत्येक गोष्टीला वंशाची फोडणी द्यायची खोड आहे.

मी १९९८ मध्ये दोन बॅगा घेऊन उतरलो. चौघांत एक खोली आणि एक जुनाट कॉम्प्युटर. डायल-अपची ती किरकिर अजून कानात आहे. आम्हाला कोणी सवलत दिली नाही. शिकायचं असलं की माणूस मार्ग काढतो.

(आता दगड येऊ द्यात.)

---

पोस्टमनकाका | रवि, १५/०६/२०२५ - १०:४०

बाळ्या, दगड नाही, आकडे घे. मी न्यू जर्सीत टेलिफोनच्या धंद्यात तीस वर्षं काढली, खांबावर चढण्यापासून सुरुवात केली. आता निवृत्त, त्यामुळे पोस्ट लांब होईल.

तू आलास त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचा अहवाल आला. 'डिजिटल दरी' (इंटरनेट असलेले आणि नसलेले यांच्यातलं अंतर) हा शब्द त्या अहवालांनीच घरोघरी पोचवला. मालिकेतला पहिला १९९५ चा. ९९ च्या अहवालात तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. कमी उत्पन्नाच्या गोऱ्या घरातल्या मुलाला इंटरनेट असण्याची शक्यता तशाच उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय घरातल्या मुलाच्या तिप्पट, हिस्पॅनिक मुलाच्या चौपट. उत्पन्न सारखं धरून, बरं का. सगळं पैशाचंच असतं तर ही तिप्पट आली कुठून?

आणि सगळ्यात वर कोण होतं माहीत आहे? आपण. म्हणजे आशियाई घरं. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांत इंटरनेट असण्याची शक्यता आशियाई घरांच्या साधारण एक तृतीयांश. यात जन्मजात काही नव्हतं. तुला व्हिसाच कॉम्प्युटर येतो म्हणून मिळाला होता. इंजिनियरांनाच बोलावून घ्यायचं आणि मग म्हणायचं, हे लोक कॉम्प्युटरमध्ये हुशार! तुझ्या खोलीतल्या जुनाट कॉम्प्युटरपाशी बिघाड झाला तर विचारायला तीन इंजिनियर होते. घंटाताईंच्या गृहस्थांकडे एकही नाही. त्यांनाही ताई शनिवारीच मिळतात.

आता तारेची गोष्ट. जुनं डीएसएल इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून चालतं. एक्स्चेंजपासून जितकं लांब तितका वेग कमी, तीनेक मैलांपुढे जीवच उरत नाही. उपाय म्हणजे फायबर, प्रकाशावर चालणारी काचेची तार. पण फायबर खणून टाकायला पैसे लागतात, आणि कंपनी आधी बघते की कुठल्या गल्लीत महागडं पॅकेज घेणारी घरं जास्त. तिथे फायबर. उरलेल्यांना तांबं. 'या वस्तीला देऊ नका' असं कागदावर कोणी लिहीत नाही, लिहायची गरजच पडत नाही. मी बैठकांना बसलोय. पडद्यावर नकाशा असायचा आणि रंग असायचे, बस्स.

२०२२ मध्ये द मार्कअप या वृत्तसंस्थेने ३८ शहरांतल्या आठ लाखांवर पत्त्यांना कंपन्या काय देऊ करतात ते तपासलं. गरीब, बिगरगोऱ्या वस्त्यांना त्याच पैशात मंद इंटरनेट. न्यू ऑर्लिन्समध्ये एकाच कंपनीचा दर दोन्हीकडे महिना ५५ डॉलर, पण सधन गोऱ्या वस्तीत वेग जवळजवळ ४०० पट. कंपन्यांचं उत्तर ठरलेलं: आम्ही वंश बघत नाही, खर्च बघतो. खरंही असेल ते. परिणाम तोच.

---

वऱ्हाडी ठेचा | रवि, १५/०६/२०२५ - ११:३०

काका, हे वाचून आमचं गाव आठवलं राजेहो. लाइटचे खांब आले तेव्हा आधी पाटलाच्या वाड्यापाशी, मग बाजारचौक, मग शाळा. आमच्या वस्तीपर्यंत तार यायला वर्षं गेली. इंजिनियरला विचारलं की तो म्हणे, 'अंतर जास्त पडते, लोड कमी आहे.' जात काहून काढता, म्हणे. अन् वस्ती गावापासून अंतरावर कोणी ठेवली, ते काही त्याच्या रजिस्टरात नव्हतं.

तुमच्या तिकडे वस्ती कोणी ठरवली? धाग्यात नाही आलं.

---

तिसरी घंटा | रवि, १५/०६/२०२५ - १३:०५

ठेचा, नेमका प्रश्न विचारलात. डेट्रॉईटात याचं उत्तर हात लावून बघता येतं.

१९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा, निळा, पिवळा, लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे कर्ज बुडण्याचा धोका. १९४१ मध्ये आठ मैल रस्त्याजवळ एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीय राहतात म्हणून सरकारी कर्जहमी मिळेना. मग त्याने मध्ये भिंत घातली. काँक्रीटची, सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. भिंत झाली, हमी मिळाली! ती भिंत अजून उभी आहे. एका बाजूला मुलांचं मैदान आहे, तिथे २००६ मध्ये लोकांनी भिंतीवर चित्रं रंगवली: साबणाचे फुगे उडवणारी मुलं, घरं, नागरी हक्कांच्या लढ्यातली रोझा पार्क्स बसमध्ये चढताना. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, एवढीशी? उडी मारून पलीकडे जाता येईल.

घरात वंशभेद करायला १९६८ च्या कायद्याने बंदी आली. पण तोवर एका पिढीला कर्ज मिळालं, घर मिळालं, घराची किंमत वाढली, त्यावर मुलं कॉलेजात गेली. दुसरी पिढी भाड्याने राहिली. बाळ्या, तुमचं 'फक्त पैशाचं आहे' हे अर्धं बरोबर आहे. पैसा कुणाकडे साठला, ते या भिंतीवर लिहिलंय.

आणि जोडणी घेताना काही ठिकाणी पत आधी तपासतात. जुनी थकबाकी निघाली की आधी ती फेडा किंवा अनामत ठेवा. म्हणजे जाहिरातीतला दर आमच्यासारख्यांसाठीच.

---

कॅन्सासची काकू | रवि, १५/०६/२०२५ - १५:२०

मी थोडं वेगळं सांगते, रागावू नका. आमच्या पश्चिम कॅन्सासात सगळे गोरे शेतकरी, आणि इंटरनेटची बोंब तीच. शेजारणीची मुलं करोनात बर्गरवाल्याच्या पार्किंगमध्ये ट्रकात बसून गृहपाठ करायची. इथे भिंत नाही, लाल रंग नाही. दोन घरांत दोन मैल आहेत एवढंच.

वर गंमत म्हणजे सरकारी नकाशात आम्ही अनेक वर्षं 'जोडलेले' होतो. नियम असा होता की जनगणनेच्या एका गटात एका घराला जरी सेवा देता येत असली, तरी अख्खा गट जोडलेला धरायचा. इकडे तो गट म्हणजे गावच्या गाव. टोकाच्या एका घराला तार, बाकी सगळे कागदोपत्री मजेत. २०२२ च्या शेवटी घरागणिक नकाशा आला तेव्हा कुठे आम्ही 'नाहीत' म्हणून दिसायला लागलो.

त्यामुळे वंश-वंश केलं की आमच्या इथले लोक चिडतात. त्यांना वाटतं, आपल्याला कोणी विचारतच नाही.

---

पोस्टमनकाका | रवि, १५/०६/२०२५ - १६:१०

काकू, अगदी मान्य. १९९५ च्या पहिल्या अहवालाच्या नावातच खेडी आणि शहरं दोन्ही होती.

पण तुमचं दुखणं आणि डेट्रॉईटचं दुखणं वेगळं, औषधही वेगळं. तुमच्याकडे तार पोचत नाही. तिकडे तार दारावरून जाते, बिल पेलत नाही. २०२१ च्या कायद्याने ४२.४५ अब्ज डॉलर ठेवले ते मुख्यतः तार टाकायला. बिलाचे १४.२ अब्ज संपले ते संपलेच. खणायला पैसे मिळतात हो, फीत कापता येते ना. कोणाचं महिन्याचं बिल भरलं तर फोटो कसला काढणार?

---

बाळ्या बेकायदा | रवि, १५/०६/२०२५ - १९:४५

भिंतीचं माहीत नव्हतं. आठ मैलावरून शंभर वेळा गेलो असेन, माझी बहीण डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयला असते. पुढच्या वेळी बघेन.

तिप्पटचा आकडा १९९९ चा आहे, काका. पाव शतक झालं. आता फोन सगळ्यांकडे आहेत, आणि फोन वापरण्यात ही मंडळी कुणाला ऐकत नाहीत. ट्विटरवरच्या कृष्णवर्णीयांनी, म्हणजे 'ब्लॅक ट्विटर'ने काय धुमाकूळ घातला होता आठवा. दरी राहिली कुठे?

आणि काकूंच्या मुद्द्यावरून: गेल्याच महिन्यात ट्रम्पनी डिजिटल समता कायद्याचे (मागे राहिलेल्यांना इंटरनेट वापरता यावं म्हणून ठेवलेले) पैसे थांबवले, वंशवादी कायदा आहे म्हणून. भाषा सोडा, पण वंश बघून पैसे वाटावेत का हा प्रश्न रास्त आहे ना?

---

कॅन्सासची काकू | रवि, १५/०६/२०२५ - २०:३०

अहो, त्या कायद्याच्या यादीत आम्हीपण होतो! खेड्यातले लोक, साठीच्या पुढचे, माजी सैनिक, अपंग, इंग्रजी कच्चं असलेले, गरीब, आणि वांशिक अल्पसंख्याक. मी यादी वाचली आहे कारण आमच्या गावातल्या ज्येष्ठांच्या वर्गाला त्यातून काही मिळेल अशी आशा होती. २.७५ अब्ज डॉलरचा कायदा, एका शब्दासाठी सगळ्यांचंच गेलं. आमच्याकडे ते आजोबा-आजीच बसलेत आता, माऊस हातात धरून.

---

जुई_दुपारची | सोम, १६/०६/२०२५ - ००:५०

बाळ्यादादांच्या 'फोन सगळ्यांकडे आहेत' बद्दल. मी इथेच जन्मलेली, मराठी आजीकडून शिकलेय, चुका पोटात घाला.

फोन वापरण्यात कृष्णवर्णीय तरुण मागे नाहीत हे खरंच आहे. मे २०२० मध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडचा व्हिडिओ सतरा वर्षांच्या मुलीने फोनवर काढला आणि त्यामुळे पोलिसांचं आधीचं निवेदन खोटं पडलं. तिला नंतर पुलित्झरचा खास सन्मान मिळाला. म्हणजे फोन कमी नाही. पण त्याच फोनवर पाच पानी निबंध लिहून बघा. आमच्या वर्गात एक मैत्रीण कॉलेजचा निबंध फोनच्या नोट्समध्ये लिहायची, मग बसमध्ये स्वतःलाच मेसेज करायची, कारण महिन्याच्या विसाव्या दिवशी डेटा संपायचा. मला वाटायचं ती आळशी आहे, उशिरा देते. मी तिला तसं म्हटलंही होतं एकदा.

प्यूच्या त्याच २०२१ च्या पाहणीत आहे: ३० हजार डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या ४१ टक्के प्रौढांकडे लॅपटॉप किंवा डेस्कटॉप काहीच नाही.

---

वऱ्हाडी ठेचा | सोम, १६/०६/२०२५ - ०९:१०

जुई, आजीला नमस्कार सांग. मराठी एक नंबर आहे.

आमच्या शाळेत (मी मास्तर आहे, मेळघाटच्या पायथ्याशी) करोनात एका घरात एक फोन, तोही बापाच्या खिशात, बाप कामावर. तीन पोरं. वर्ग दहाला, बाप घरी सातला. डेटा तिकडच्या मानाने फुकटात, पण फोन घरी असेल तेव्हा ना!

अवांतर झालं, थांबतो.

---

सोनटक्का | सोम, १६/०६/२०२५ - १०:००

अवांतर कसलं, मास्तर. लिहा.

कुठे काही जमलं आहे का पण? सगळं वाचून उदास व्हायला झालं.

---

पोस्टमनकाका | सोम, १६/०६/२०२५ - ११:२५

जमलंय. टेनेसीतलं चॅटनूगा. तिथे वीज मंडळ शहराच्या मालकीचं. त्यांनी विजेच्या जाळ्यासाठी स्वतःचं फायबर टाकलं आणि २०१० मध्ये अख्ख्या शहराला गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ केलं, देशात बहुधा कोणीच देत नव्हतं तेव्हा. मग २०२० मध्ये गरीब घरांतल्या शाळकरी मुलांना फुकट जोडणी द्यायचं ठरवलं, सुमारे २८ हजार मुलं पात्र, आणि बोली दहा वर्षांची. दहा वर्षं हा त्यातला खरा शहाणपणा. ३० डॉलरची योजना अडीच वर्षं चालली आणि लोकांना सवय लावून गेली.

पण नगरपालिकेने इंटरनेट विकू नये असे कायदे अनेक राज्यांनी करून ठेवलेत. ते कोणी करून घेतले ते विचारू नका, माझं पेन्शन तिथूनच येतं.

---

तिसरी घंटा | सोम, १६/०६/२०२५ - २१:१५

काका :)

डेट्रॉईटबद्दलही चांगलं लिहायला हवं. २०२० मध्ये इथल्या सार्वजनिक शाळांच्या ५१ हजार मुलांना देणग्यांतून इंटरनेटसकट टॅबलेट दिले. काही वस्त्यांत लोकांनी छपरांवर अँटेना बसवून शेजाऱ्यांना जोडलं, आणि ते बसवायला गल्लीतल्याच लोकांना शिकवलं. आमच्या वाचनालयात हॉटस्पॉटची, म्हणजे घरी इंटरनेट देणारी डबी पुस्तकासारखी घरी नेता येते. प्रतीक्षायादी असते, पण मिळते.

त्या गृहस्थांचा आज नव्या ईमेलवरून निरोप आला, वाचनालयाच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. मुलाखत आहे गुरुवारी, व्हिडिओवर. फोनवरून द्यावी का, विचारतात. त्यांना सांगितलंय की अभ्यासाची बंद खोली तासभर आरक्षित केली आहे. अर्धी रजा टाकून मीही जातेय, कॅमेरा चालू करून द्यायला. मग बाहेर थांबेन.

---

बाळ्या बेकायदा | सोम, १६/०६/२०२५ - २२:०२

ताई, ऑफिसातले दोन जुने लॅपटॉप माझ्याकडे पडून आहेत. चालू आहेत, बॅटरी जेमतेम तासभर टिकते. बहिणीकडे जुलैत येतोय. वाचनालय घेतं का असलं काही? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

तिसरी घंटा | सोम, १६/०६/२०२५ - २२:१०

घेतं. व्यनि केलाय. चार्जर विसरू नका, मागच्या वेळी एकांनी सहा लॅपटॉप दिले आणि चार्जर एक.